आजोबांची मूठ कुणी वळली?

हॅलो? … हो मामी, मीच. आई शेजारीच बसलीये… नाही, फोन तिला देणार नाही. काय असेल ते मला सांगा.

काय? आजोबांची मूठ उघडत नाही? … जबडाही घट्ट? … बरं, मग?

राग! … आईवरचा राग मुठीत धरून गेले, म्हणून तिनं यायचं नाही? … अहो मामी, ऐका ना… बोलत नव्हते तिच्याशी, मान्य. पण वडील तिचेही होते की नाही?

मी शवागारात काम करते, मामी… मुरडा नाक हवं तर! माझ्याकडे येणारे सगळेच ताठतात. आयुष्यात कुणाला 'अरे' न म्हणालेलेसुद्धा! आधी पापण्या, जबडा, मग हातपाय…

नाही हो, गारठ्यानं नाही. स्नायूंतले धागे एकमेकांत अडकतात. ते सोडवायला शरीराला शक्ती लागते, आणि श्वास थांबला की ती तयार होणंच बंद… हो, हो, सोडवायलाच! … उद्या-परवा ते धागेच झिजायला लागतील, मग हात आपोआप सैल.

कोण ओढतंय बोटं? मामा? … थांबवा आधी त्याला! बोट मोडेल!

थांबला? … बरं. सकाळी चहा घेऊन तुम्हीच गेला होतात ना? तेव्हा हात कसा होता? … खाटेवरून लोंबत होता. मऊ? … अगदी मऊ. मग छातीवर कुणी ठेवला? … आणि बोटं? … चादर नीट बसावी म्हणून मामानं दुमडली!

वा! मूठ वळली मामानं आणि राग आला आजोबांना? तोही गेल्यानंतर, दुपार उलटल्यावर? … हसत नाहीये मी… आहेच मी आगाऊ. पुढं बोला.

लोक काय म्हणतील? … जे म्हणतील त्यांना माझ्याकडे पाठवा.

नाही, रडत नाहीये ती. आरशात बघून केस नीट करतेय… मामी, गाडी तुमच्याच दारात उभी आहे… मी कशाला अडवू तिला? उतरलीसुद्धा.

आणि ऐका, ती मूठ कुणी उघडायची नाही. तिला काही काढून घ्यायचं नाहीये त्यातून. नुसता वर हात ठेवून बसायचंय… बसेल. हवा तितका वेळ बसेल.

ही बघा, बेल वाजली. ठेवते मी. दार उघडा.