सुपडूअप्पांचा परार्ध

मंडळी, आधी एक विचारतो. माणसाचा शब्द मोठा केव्हा म्हणायचा? त्यातला आकडा मोठा असला की? माना डोलवू नका, आधी ऐका.

खानदेश. चिंचखेडे गाव. तिथं सुपडूअप्पा. मनानं लोणी, तोंडानं तोफ. त्यांचे साडू धोंडूभाऊ शेजारच्या गावचे. साडू-साडूंचं कसं असतं — पुढच्या रांगेतले दोघं हसतायत, म्हणजे कळलं.

साडूच्या गावानं कोटी नामजप केला. वेशीवर फलक लावला. अप्पांच्या गावात सप्ताहाची सभा बसली. कुणी म्हणालं, आपण दशकोटी करू. दुसरा म्हणाला, अब्ज. अप्पा उठले आणि शाळेतलं पाठांतर सुरू — खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य — पेटीवाले, श्वास घ्या, अप्पा थांबत नाहीत — परार्ध!

"परार्ध जप करू. पुरा होईपर्यंत मी केळ्यांशिवाय कशाला शिवणार नाही."

टाळ्या.

अप्पांच्या मनात काय? अब्जाच्या पुढं आठच तर शब्द. आठ शब्द म्हणायला वेळ कितीसा लागतो?

मग केळी. सकाळी केळी, दुपारी केळी, रात्री — बरोबर. कौतिकबाई, त्यांच्या पत्नी, चुलीवर वांगी भाजायच्या. भरिताचा वास ओसरीवर यायचा. अप्पा तोंड फिरवायचे.

"अहो, वानरंसुद्धा मधनंमधनं चिंचा खातात," बाई म्हणाल्या.

अप्पांनी पुढचं केळं सोललं. पण अंग वाळलं. एक दिवस पारावरून उठताना भोवळ आली. तेव्हा सून हर्षाली पुढं झाली. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते.

"अप्पा, जप कधी पुरा होईल?"

"आषाढापर्यंत."

"बघू या. आम्ही मोठा आकडा लांबलचक लिहीत नाही, दहाचा घात लिहितो. एकावर किती शून्यं, एवढंच. आपलं गाव हजाराचं. तिसरा घात. सेकंदाला एक नाम. दिवसात सेकंद जवळजवळ लाख. पाचवा घात."

"जवळजवळ काय? नीट मोज."

"नीट नंतर, अप्पा. आधी घर कुठल्या तालुक्यात आहे ते तरी कळू दे. तीन नि पाच आठ. कुणी झोपलं नाही, तरी गावाचा दिवसाचा जप आठवा घात. परार्ध सतरावा. सतरातून आठ गेले?"

"नऊ," अप्पा खुलले. "म्हणजे नऊ दिवस."

"नऊ शून्यं, अप्पा. अब्ज दिवस. सत्तावीस लाख वर्षं."

आतून कौतिकबाईंचा आवाज — "एवढी केळी आपल्या तालुक्यात नाहीत हो."

"पण मी तर आठच पायऱ्या चढलो."

"प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दहापट उंच आहे, अप्पा."

"आणि साडूचा कोटी?"

"हजार माणसांत वाटला तर तीन तासांचं काम."

अप्पा हसले. पोटभर हसले. मग एकाएकी थांबले. तीन तासांच्या फलकाला उत्तर म्हणून आपण सत्तावीस लाख वर्षं बोलून बसलो?

आता सांगा, सभेत दिलेला शब्द. गिळला तर अब्रू जाते. धरला तर अप्पाच जातात. तुम्ही काय केलं असतं? नका सांगू, बायका शेजारी बसल्यात.

दुसऱ्या दिवशी अप्पा सभेत उभे राहिले. साडू मुद्दाम ऐकायला आलेले. अप्पा म्हणाले, "परार्ध किती, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना देवापुढं बोललो. तो शब्द परत घेतो. होईल तेवढंच बोलायला शिकवा."

कुणी हसलं नाही. साडू उठले. म्हणाले, "उपाशी मेलास तर माझ्याशी भांडणार कोण? आमचं गाव आणतो. मिळून कोटी करू."

दोन गावं मांडीला मांडी लावून बसली. दीड तासात कोटी झाला. अप्पांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडली, पहिला घास साडूला दिला.

मंडळी, हसलात. आता फोन काढा. सकाळी देवाच्या फोटोखाली काय लिहिलंत? कोटी कोटी प्रणाम. सात नि सात चौदा. चौदावा घात. सेकंदाला एक घातला तरी तीस लाख वर्षं वाकून राहाल. देव वाट बघतोय. कंबर कुणाचीच वाकलेली नाही.

दहाचा शून्यावा घात किती, ठाऊक आहे? एक.

तेवढा घाला. उठा, आत्ता. मी थांबतो.