पोस्टरवरची फुलं

टीबीच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. समोर भिंतीवर नवं पोस्टर. शेजारच्या बाकावर एक मावशी आणि तिची भाची.

“हेच ना गं, तुझ्या पीएचडीचं चित्र?”

“माझं होतं. आता आरोग्य खात्याचं झालंय.”

“छान तर आहे. बाई हसतेय, पुढ्यात फुलं आहेत.”

“डोंबलाची फुलं! तिथे संडासाचं भांडं काढलं होतं मी. नारिंगी लघवीचं.”

“शी! असलं कुणी भिंतीवर लावतं का?”

“साहेब अगदी हेच म्हणाले. घाण दिसतं म्हणे! अगं, टीबीच्या गोळ्यांनी लघवीचा रंग बदलतो. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं, पण पेशंटला ते कुणी सांगतच नाही. एवढं एकच सांगायला ते चित्र होतं, मावशी. पेशंटना विचारून विचारून काढलेलं. आणि यांनी त्यावर फुलं चिकटवली!”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत. तुझी लिपस्टिक दे.”

“आत्ता? कशाला?”

“नारिंगीच आहे ना? दे इकडे.”

“अगं, नवीन आहे ती! आणि बाकावर काय चढतेस? फुलांवर कसले फराटे मारतेस? उतर खाली, हसतील सगळे!”

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातले एक काका तेवढे उठून पोस्टरपाशी आले.

“ताई, लघवीला असा रंग गोळ्यांनीच येतो? नक्की?”

“नक्की, काका. का हो?”

“मला वाटलं, रक्त आहे. मी गोळ्या बंदच करून टाकल्या.”