रेखावृत्तं आणि सासऱ्यांचं टक्कल

...माझा आवाज येतोय का? अहो, तुम्हाला नाही विचारत, सवयच लागलीय! तुम्हाला सांगते, हल्ली नवऱ्याला 'चहा घेणार का' विचारायचं म्हटलं तरी तोंडातून आधी 'माझा आवाज येतोय का' असंच निघतं! आणि हे कुणामुळे? आमच्या प्राचार्यांमुळे! साखरेत घोळलेल्या आवाजात, 'मॅडम, साठीपुढच्या मंडळींसाठी ऑनलाइन भूगोल सुरू करतोय. तुम्हीच घ्या. काही नाही हो, एक बटण दाबायचं!' एक बटण! मी दाबलं, कॅमेरा बंद. दुसरं दाबलं, माझाच आवाज गेला. तिसरं दाबलं, तर अख्खा वर्ग बाहेर... आणि मी आत एकटी! आणि मला शिकवायचा होता भूगोल!

बरं, विद्यार्थी तरी कसे? एक शिंपीकाका. दुकान मुलाला दिलं, पण मशीन काही सुटत नाही. मी म्हणते 'ध्रुवीय वारे', की मागून खर्रर्र! 'काका, माईक बंद करा.' तर हे मशीन बंद करणार आणि ओरडून सांगणार, 'हं बाई, केला!'

दुसरे आमचे सासरे. राहतात भिंतीपलीकडे, पण रीतसर नाव घातलंय वर्गात! मी इकडे 'समुद्र' म्हटलं की तिकडून त्यांच्या फोनमधून 'समुद्र...' हात वर करायचं बटण सापडत नाही, म्हणून स्वतः उठून माझ्या दारात येतात आणि खराखुरा हात वर करून उभे! एरवी 'सूनबाई, पाणी दे.' वर्गाच्या वेळात? 'बाई, पाणी पिऊन येऊ?' आता काय म्हणू मी, सांगा!

आणि एक मावशी. खानावळ चालवायच्या, आता बंद केली. घर खायला उठतं म्हणून वर्गाला आल्या. मुलगी समुद्रापलीकडे नोकरीला. एकदा वर्ग सुरू व्हायच्या आधी सहज विचारलं, मुलगी कशी आहे? तर एकदम फणकाऱ्यानं, 'मी नाही फोन करत तिला! दुपारची जेवणं आटोपली की निवांत फोन लावायचे, तर म्हणायची, आई, इथे रात्र आहे गं! भरदुपारी! ऊन डोळ्यावर येतंय माझ्या, आणि हिची रात्र! आईला टाळायला थाप तरी धड मारावी!' मी म्हटलं, मावशी, असं नसतं, वेळेत फरक असतो. 'असेल तासाभराचा! आमच्या खानावळीचं स्वयंपाकघर आणि बाहेरचा गल्ला, तिथलीही घड्याळं कधी जुळली नाहीत.' विषय संपला!

म्हटलं थांबा, आज रेखावृत्तंच घेते. चार दिवस खपून तयारी केलेली! त्या प्लॅटफॉर्मवर पृथ्वीचा एक गोल आहे, बोटानं फिरवायचा. मी बोट लावलं मात्र... असा सुटला, असा सुटला! शिंपीकाका ओरडतायत, 'बाई, थांबवा, मला गरगरतंय!' आणि मग थांबला, तो कायमचाच. गोलाच्या जागी काळा चौकोन, चालू काय तो माझा कॅमेरा. आणि मला शिकवायचा होता भूगोल!

तेवढ्यात दारात सासरे. हात वर. 'बाई, हा गोल चालेल का?' आणि वाकून डोकं पुढे केलं. गुळगुळीत!

आता सुनेनं सासऱ्यांच्या डोक्यावर पेन चालवायचं? पण चालवलं! कपाळावर एक टिंब, हे आपलं घर. मागे मानेच्या वर दुसरं, ते मावशींच्या मुलीचं. बसवलं फिरत्या खुर्चीत, समोर टेबललॅम्प, म्हटलं हा सूर्य. 'बघा, कपाळावर भरदुपार आहे. मागे काय आहे?'

'अंधार,' शिंपीकाका म्हणाले. मशीन बंद होतं, तुम्हाला सांगते!

मावशी अगदी बारीक आवाजात, 'म्हणजे... ती खरंच झोपेत असायची?'

'हो मावशी.'

'आणि तरी उचलायची फोन? प्रत्येक वेळी?'

मी हळूच खुर्ची फिरवली. कपाळावर आपली आत्ताची संध्याकाळ झाली, मागच्या टिंबावर उजेड आला. 'आत्ता तिथे सकाळ आहे, मावशी.' वाक्य पुरं व्हायच्या आत मावशींची चौकट गायब! बटण शोधायला मला अर्धा तास लागतो, आणि ह्या बाईंना एका क्षणात सापडलं!

थोड्या वेळानं परत आल्या. डोळे लाल, चेहरा हा एवढा फुललेला. 'उठली होती हो! दात घासत होती! तोंडात फेस, तरी बोलत होती! म्हणाली, आई, रोज ह्याच वेळी कर.' सासरे खुर्चीतच डोळे पुसायला लागले, मी ओरडले, 'हलू नका, रात्र होईल!'

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन. 'मॅडम, विद्यार्थ्यांनी अभिप्राय पाठवलेत, अभिनंदन!' म्हटलं, चला, चीज झालं! उघडून बघते तर सगळ्यांचं एकच, जणू ठरवून लिहिलेलं...

'पृथ्वी उत्तम. बाई ठीक.'