नवी आवृत्ती चढेपर्यंत

तर मी म्हणते, बंद करायचं नाही म्हणजे किती वेळ बंद करायचं नाही, हे लिहायला काय झालं होतं त्या लोकांना? पडद्यावर आलं, नातीनं वाचून दाखवलं, 'काम चालू आहे, मशीन बंद करू नका', आणि पुढे काही नाही. इकडे माझ्या घरात रक्त सांडतंय... मला वाचता येत नाही तेच बरं, आलं असतं तर त्या पडद्याला चांगलं उत्तर लिहून दिलं असतं.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी भरकटली. एक होती म्हातारी, ती मी. तिला होते दोन मुलगे, दोघेही सुतार, हात असे की लाकडानं आपणहून वळावं, आणि डोक्यात नुसता भुसा. थोरला दारं करायचा, धाकटा चौकटी. दोघांच्या दोन बायका, थोरल्याची एक लेक, म्हणजे माझी नात, आणि घरामागे पत्र्याच्या छपराचा कारखाना. यांचा बाप गेला आणि महिन्याच्या आत दोघं भांडले. कशावरून? मोठी करवत कुणी घ्यायची यावरून. मग झाली वाटणी. कारखान्याच्या मधोमध प्लायवूड ठोकलं, खिळे मोजून वाटले, शिडी होती ती मधून कापली, आता आमच्याकडे दोन शिड्या आहेत आणि माळ्यापर्यंत एकही पोचत नाही. उरला संगणक. तुम्हाला खोटं वाटेल, पण धाकटा करवत घेऊन आला होता. माझी नात तेव्हा सोळा वर्षांची, ती मधे आडवी पडली, "काका, कापू नका, आतून वाटता येतो." आणि दिला तिनं वाटून. आत म्हणे एक तबकडी असते, तिचे दोन अर्धे भाग केले, एकात थोरल्याचं सामान, एकात धाकट्याचं, प्रत्येकानं आपापला परवलीचा शब्द लावला, आणि प्लायवूडला भोक पाडून संगणक त्या भोकात ठेवला, जेणेकरून दोन्हीकडून बघता यावा.

सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मग दाराचं माप चौकटीला कसं कळायचं? माझ्यामार्फत. मी तोंडी सांगितलं तर धाकटा म्हणायचा, "तू दादाच्या बाजूची, तू चुकीचंच सांगणार." म्हणून थोरला सुतळीला गाठी मारायचा, एक गाठ उंचीची, एक रुंदीची, आणि मी ती सुतळी घेऊन प्लायवूडला वळसा घालून पलीकडे जायची. आता सुतळी ओढली की लांबते, हे सांगायला सुतार कशाला हवा? आमचं प्रत्येक दार घासायचं. गिऱ्हाईक हळूहळू गेलं. चार महिने हाताला काम नाही, आणि शेजारचा गोदामवाला रोज येऊन पत्रे न्याहाळून जायचा, विकताय का म्हणून.

अशात तो कंत्राटदार आला. इस्पितळाची दीडशे दारं, चौकटींसकट. म्हणाला, "मंगळवारी पाचला येतो. एक दार चौकटीत बसवून दाखवा. घासलं तर काम दुसऱ्याला." म्हणजे एका दारावर सगळं घर टांगलेलं. उसनवारी करून संगणकावर चालणारं, लाकूड कापायचं नवं यंत्र आणलं, तर आमचा संगणक त्याला ओळखच देईना. नात म्हणाली, "आजी, संगणकाला जे चालवतं ना, त्याची आवृत्ती जुनी झाली. नवी चढवावी लागेल."

मी म्हटलं, कुणाकडून आणायची? तर म्हणे, कुणाकडून नाही, ती फुकट असते. जगभरातली माणसं, एकमेकांची तोंडं न बघितलेली, आपापल्या घरी बसून थोडं थोडं बनवतात, सगळ्यांसमोर उघडं ठेवतात, कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. मी डोक्याला हात लावला. हजारो परकी माणसं मिळून एक वस्तू घडवतात, आणि एका पोटची दोन मिळून एक दार लावू शकत नाहीत.

तर मंगळवारी सकाळी दहाला नातीनं सुरू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, मुंग्यांसारखी पळतायत. आणि आली ती सूचना. मशीन बंद करायचं नाही. मधेच बंद पडलं तर अर्धं जुनं, अर्धं नवं, पुन्हा उठणारच नाही. बरं म्हटलं. बाराच्या सुमारास मुंग्या थांबल्या.

"आजी, जागा संपली. बाबांचा अर्धा गच्च भरलाय. काकांच्या अर्ध्यातली थोडी लागेल."

थोरला प्लायवूडकडे बघून म्हणतो, "आई, त्याला सांग, कुलूप उघड." दोन हातांच्या अंतरावर उभा धाकटा म्हणतो, "आई, त्याला सांग, स्वतःचं सामान फेकून दे." "आई, त्याला सांग, माझ्याकडे सहा वर्षांची मापं आहेत, एकही पुसणार नाही." "आई, त्याला सांग, माझ्याकडे काय मग गोट्या आहेत?" मी एकेक निरोप पोचवतेय, आणि दोघांना दोघांचं ऐकू येतंय. आणि मशीन बंद करायचं नाही.

पहिला फटका कुणी मारला म्हणाल, तर प्लायवूडनं. थोरल्यानं संगणक सोडून पलीकडच्या तुकड्याला लाथ घातली, तो अख्खा धाकट्याच्या तोंडावर आला, दात पडला. धाकट्यानं तो दात उचलला, नीट खिशात ठेवला, आणि लाकडी मोगरी उचलली. थोरल्याच्या खांद्यावर अशी बसली की मला वाटलं फळीच मोडली. थोरल्यानं लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा त्याच्या डोक्यावर ओतला आणि केस धरायला गेला, हात केसांना चिकटला. आता दोघं सुटतही नाहीत. गोल गोल फिरतायत, एक हात अडकलेला, दुसऱ्यानं ठोसे चाललेत, नाकातून रक्त, त्यावर भुसा, दोघांची तोंडं रव्यात घोळवून तळायला घेतल्यासारखी. आणि मधे तो संगणक. दोघंही त्याच्याजवळ आले की अंग चोरून, वायर ओलांडून, पलीकडे जाऊन पुन्हा मारतायत. कारण मशीन बंद करायचं नाही.

सुना सोडवायला आल्या. धाकटी म्हणाली, "भावजी, सोडा त्यांना." थोरली म्हणाली, "त्यांना काय सांगतेस, तुझ्या नवऱ्याला सांग, जळला मेला." झालं. धाकटीनं हिच्या वेणीला हिसडा दिला, हिनं तिच्या दंडाचा लचका तोडला, अगदी दात उमटले, मी मोजले नंतर, सात. थोरलीच्या हातात लोखंडी पट्टी, धाकटीच्या हातात खुर्चीचा पाय, खिडकीची काच गेली, तीन बरण्या गेल्या, दाराबाहेर गोदामवाला येऊन उभा, बघत. धाकटीनं फेकलेला खुर्चीचा पाय त्याच्याच कपाळावर बसला, तो गेला तो अजून आला नाही.

आणि मी? मी कुठे असणार? भिंतीतलं बटण पाठीआड घेऊन बसले होते, दोन्ही हातांनी वायर धरून. ढकलाढकलीत कुणाचा पाय लागला तर सगळं संपलं. नात खाली वाकून, "आजी, सोडू नकोस." दीड वाजला, दोन वाजले. माझ्या गुडघ्यावर रंधा येऊन पडला, मी वायर सोडली नाही. मग मोगरी सुटली कुणाच्यातरी हातून आणि माझ्या कानाशेजारी भिंतीत बसली. बस्स. तेव्हा माझं डोकं फिरलं.

मी नातीला म्हटलं, वायर धर. आणि उठले. चौकटीचा एक उभा दांडा पडला होता, चांगला सागाचा, साडेसहा फुटी. सत्तरी उलटलीय माझी, पण धुणं आपटून हात तयार झालेत. आधी थोरल्याच्या पोटऱ्यांवर, मग धाकट्याच्या, मग दोघांना मिळून, कारण चिकटलेलेच होते, वेगळं मारायची सोयच नव्हती. सुना पळाल्या. मी म्हटलं, आज मी तुमच्या बापाच्या वाटणीचंही मारतेय. दांडा मोडला तेव्हा थांबले. दोघं जमिनीवर, गालाला गाल लावून.

"शब्द सांगा," मी म्हटलं. "दोघांनी. नाहीतर दुसरा दांडा आहे."

सांगितले मुकाट्यानं. नातीनं आधी काकांचा अर्धा उघडला. म्हटलं, काय आहे? म्हणाली, "आजी, काहीच नाही. कोरा आहे." सहा वर्षं. सगळी मापं सुतळीवर आलेली, त्यानं कधी काही लिहिलंच नव्हतं, त्याला तो संगणक वापरताच येत नव्हता, आणि विचारायची लाज. रिकाम्या खोलीला कुलूप लावून राखण करत बसला होता माझा पोरगा. मग उघडला थोरल्याचा. मापं होती, पण कोपऱ्यात मूठभर. बाकी सगळ्या कुस्त्या. परदेशातल्या, लंगोटातल्या, पाचशे-सहाशे कुस्त्या.

धाकटा खाली पडल्या पडल्या म्हणाला, "दादा, कुस्त्या?"

सहा वर्षांतला पहिला शब्द. थोरल्याचा गाल त्याच्या गालालाच, कुठे तोंड लपवणार?

"तुला मी एकदा तरी चीत केलं का?" थोरला म्हणाला. "शिकत होतो."

नातीनं कुस्त्या काकाच्या अर्ध्यात हलवल्या, तबकडीतली मधली भिंत काढूनच टाकली, आणि मुंग्या पुन्हा पळायला लागल्या. साडेतीनला संगणक उठला, नव्या यंत्राला ओळख दिली. सरस गरम पाण्यानं सोडवला, निम्मे केस हातात आले. मग टक्कल पडलेला धाकटा आणि लंगडा थोरला, एकाच पडद्यासमोर, एकाच मापावर. सुतळी नाही. दार कापलं, चौकट कापली. पाचला कंत्राटदार आला, त्यानं काच बघितली, रक्त बघितलं. दार लोटलं. बसलं, जसं पाणी बसतं भांड्यात. दीडशेचं काम मिळालं, त्यामागून एका शाळेचं आलं, आता चार सुतार ठेवलेत. घराला चांगले दिवस आले, नाही कशाला म्हणू.

पण तुम्हाला सांगते, दोघं आता बोलतात. सकाळी डोळे उघडल्यापासून बोलतात, जेवताना बोलतात, करवतीच्या वर आवाज काढून बोलतात, सहा वर्षांचं तुंबलेलं सगळं... मी काल नातीला विचारलं, बाई, मशीन बंद करायचं नाही ते कळलं, पण हे दोघं बंद होतात का कुठून? तिनं सगळीकडे शोधलं. बटणच नाही म्हणाली.