रामनगरच्या रंगाई-कारखान्याचा परवाना

माझा जन्म इथलाच, रामघाटावरचा. पणजोबा साताऱ्याकडून काशीला वेद शिकायला आले ते परत गेलेच नाहीत, बाबाही पाठशाळेतच शिकवायचे, त्यामुळे घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, तसंच माझं बोलणं झालंय, सांभाळून घ्या. केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं, लग्न झालं, आमचे हे रेल्वेत होते, लवकर गेले, मग माहेरी आले आणि नोकरी शोधली, ती मिळाली नदीपलीकडे रामनगरला, रेशमाचं सूत रंगवण्याच्या कारखान्यात. साड्यांचं सूत हो, बनारसी साड्यांचं. मालकांना सगळे बाबूजी म्हणतात, मीही तेच म्हणते.

माझं काम कागदांचं. रंगाचं पाणी तसंच नाल्यात सोडता येत नाही, आधी टाकीत साफ करावं लागतं, त्यासाठी प्रदूषणवाल्या सरकारी दफ्तराचा परवाना लागतो, तो मुदत संपली की पुन्हा नवा करायचा, शिवाय दर साली अहवाल पाठवायचा. त्यात एक रकाना असतो, पाणी साफ करायची मशीन रोज चालते का. मी हो लिहायची. रजिस्टरमध्ये रोजची नोंद असायची ना, सहीसकट, मग मागे टाकीकडे जाऊन बघायचं मला सुचलंच नाही, काय सांगू तुम्हाला, ती चूक माझीच.

या खेपेला फारमला टाकीचा फोटो जोडायचा म्हणून मी मागे गेले. मशीनची मोटर गंजलेली, तिच्यावर कबुतराचं घरटं, घरट्यात दोन अंडी. आणि भिंतीखालून एक पाइप काढलेला, त्यातून किरमिजी पाणी सरळ नाल्यात, नाला गंगेत. मी उभीच राहिले. नदी तिथून उतरत आमच्या घाटाकडेच येते, आणि बाबा पंच्याऐंशीचे झाले तरी रोज त्याच पाण्यात उभं राहून आचमन घेतात.

बाबूजींना विचारलं तर म्हणाले, मोटर जळून तीन वर्षं झाली बेटी, सगळे असंच करतात, तू फक्त फारम भर. रागावले नाहीत, उलट चहा मागवला. मी म्हटलं, बाबूजी, आता मी बघितलंय, आता मला हो लिहिता येणार नाही. चहा तसाच ठेवून घरी आले. वाटलं, नोकरी गेली.

चार दिवसांनी बाबूजी होडीनं रामघाटाला आले, सोबत हनीफचाचा, आमचे रंगाचे उस्ताद. सत्तरी उलटलेली दोन माणसं त्या पायऱ्या चढून आली, दम लागलेला, आधी पाणी दिलं. मग चाचा खाली बघत म्हणाले, बहनजी, रजिस्टरातल्या त्या सह्या माझ्या, आता खोटी सही माझ्याच्यानंही होत नाही. बाबूजी म्हणाले, खरं लिही, जे होईल ते बघू.

मग खरं लिहिलं, मोटर जळाली आहे, पाइप आहे, दुरुस्तीला मुदत द्या. दफ्तरातले साहेब येऊन बघून गेले आणि कारखाना बंद ठेवायचा हुकूम आला. तीन महिने सगळे घरी. सूत उकलणारी शकुंतला बाजारात दिसली, मी हाक मारली, ती तोंड फिरवून गेली. तिचं तरी काय चुकलं सांगा, तिची चूल बंद पडली ती माझ्या लिहिण्यानं. मी मात्र रोज कारखान्यात जायची, दुरुस्तीच्या मिस्त्री लोकांपाशी बसायची. कबुतराची पिल्लं उडेपर्यंत चाचांनी मोटरीला हात लावू दिला नाही, त्यात आणखी काही दिवस गेले, बाबूजी चिडले पण थांबले. मग नवी मोटर बसली, पाइप विटा लावून बुजवला, दफ्तरातून माणूस आला, बाटलीत पाणी भरून जांचेला, तपासायला घेऊन गेला, आणि परवाना आला.

आता सकाळी आधी टाकीकडे जाते, मग खुर्चीवर बसते. पाणी अगदी नितळ नसतं, पिवळसर झाक राहते, पण नियमात बसतं. रजिस्टर मीच लिहिते. शकुंतला कामावर परत आलीय, माझ्याशी अजून बोलत नाही, मीही आता हाक मारत नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय म्हणतात, मिर्झापूरकडचं स्थळ आहे. पोरीचं चांगलं होवो, सुखात राहो, एवढंच मनात येतं.