गोरं घराणं

आविल्दा : ती सुई खाली ठेव, आई.

दोन्या प्रोवी : तू बाहेर कशाला आलीस? तुला सांगितलं होतं ना, माणसं येतील आता पोर बघायला, तोवर मागच्या खोलीत पडून राहा म्हणून. आणि ते ऑक्सिजनचं यंत्रही ओढत आणलंस! केवढं घरघरतंय.

आविल्दा : यंत्र घरघरतंय म्हणून मी घरघरत नाहीये. सुई ठेव.

इदालिस : काय झालं ताई? कानच तर टोचायचेत. दोन महिन्यांची झाली आपली सेलेस्ते. माझी धाकटी बहीण तर आठवड्याची असतानाच टोचली होती.

दोन्या प्रोवी : सांग हिला. अख्ख्या अगुआदा गावातल्या पोरींचे कान माझ्या हातचे आहेत. आधी बर्फ लावायचा, मग एक दणका. पोरीला कळतसुद्धा नाही. आणि कान मोकळे ठेवून पाहुण्यांसमोर आणायची? मुलगा आहे का म्हणून विचारतील लोक. पोरीच्या धर्ममातेने सोन्याचे मणी आणलेत.

आविल्दा : माझे टोचलेस तेव्हा काय झालं ते सांग हिला.

दोन्या प्रोवी : तुझी गोष्ट वेगळी.

आविल्दा : काय वेगळी?

दोन्या प्रोवी : जरा रक्त जास्त आलं, एवढंच. जात्याच नाजूक तू. आमच्याकडचं रक्त पातळच आहे, अस्सल स्पॅनिश. माझे आजोबा तिकडच्या काडिस बंदरातून जहाजाने...

आविल्दा : झालं, निघालं जहाज! इदालिस, ऐकून घे. रक्त पातळ! हिने माझे कान टोचले आणि रात्रभर उशांचे अभ्रे बदलत बसली. सकाळी मला दवाखान्यात नेलं ते टॉवेलात गुंडाळून. पुढे दाढ काढली तेव्हा रक्त चढवावं लागलं. पाळी आली तेव्हा पुन्हा. आणि ही बाई प्रत्येक वेळी नर्सला काय सांगायची ठाऊक आहे? 'आम्ही काडिसचे.'

दोन्या प्रोवी : यात हसण्यासारखं काय आहे?

आविल्दा : मला हसू परवडत नाही. खोकला येतो.

इदालिस : पण सेलेस्तेचा काय संबंध, ताई?

आविल्दा : तिला दिवाणखान्याच्या उजेडात धर. मला लांबून दिसत नाही, तुला दिसतं ना? डोळे बघ तिचे. एका जागी ठरतात का?

इदालिस : नाही... इकडून तिकडे लुकलुकतात. डॉक्टर म्हणाले होते डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. पण सासूबाई म्हणाल्या, लहान मुलांचं असंच असतं, उगाच कशाला पोरीला ताप.

आविल्दा : आणि लस टोचली तिथे?

इदालिस : मांडी काळीनिळी पडली होती. एवढी मोठी. मी घाबरले. दोन्या प्रोवी म्हणाल्या, नर्स अडाणी आहे.

आविल्दा : वा! डोळ्यांचा डॉक्टर रिकामटेकडा, नर्स अडाणी. शहाणी एकटी हीच. केस कापसासारखे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. आणि घरात सगळे नाचतायत, गोरी झाली, गोरी झाली! माझा भाऊ एदगार्दो बिस्किटासारखा करपलेला, तू दालचिनीच्या रंगाची. कुणाच्या डोक्यात आलं नाही, की ही गोरी कुठून झाली?

दोन्या प्रोवी : रक्त कधी ना कधी वर येतंच.

आविल्दा : येतं ना. सुई लाव, मग बघ कसं येतं.

इदालिस : ताई, नीट सांगा. तुमचं दुखणं तिला आहे का?

दोन्या प्रोवी : हिचं कुठे ऐकतेस! हिला पोर नाही, नवरा नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोरात खोड काढते. हिला फुप्फुसांचं दुखणं आहे. पोरीला काय झालंय? दूध पिते, झोपते, गुलाबासारखी आहे.

आविल्दा : मीही गुलाबासारखीच होते. तूच सांगतेस ना सगळ्यांना? अख्खी वस्ती बघायला यायची म्हणून. इदालिस, हे एकच दुखणं आहे. आधी कातडी आणि डोळे, मग रक्त, आणि चाळिशीकडे आलं की फुप्फुसं. फुप्फुसं आतून घट्ट होत जातात, जुन्या रबरासारखी. फुगतच नाहीत. सदतीस वर्षांची होईपर्यंत मी डोंगरावरच्या चर्चमध्ये चालत जायचे. आता वेणी घालायची म्हटलं तर मध्ये बसावं लागतं.

इदालिस : पण तुम्ही तर कधी सिगारेट...

आविल्दा : सिगारेट! त्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला. धूर नाही, धूळ नाही, काही नाही. जन्मतःच घेऊन आले. एक दोष आईकडून, एक दोष बापाकडून. एकच आला तर माणूस एदगार्दोसारखा, खाऊन-पिऊन ठणठणीत, कुणाला पत्ता लागत नाही. दोन्ही आले की माझ्यासारखं. आपल्या बेटाच्या या कोपऱ्यात, अगुआदा, मोका, इसाबेला या गावांत, जितकी माणसं हा एक दोष घेऊन हिंडतात, तितकी जगात कुठे नाहीत. परदेशातून डॉक्टर येतात आमचं रक्त न्यायला. नळीत फुंकायला लावतात. फुंका, फुंका, वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवल्यासारख्या! माझ्या फुंकरीला मेणबत्ती हसेल.

दोन्या प्रोवी : बघ, परदेशातून येतात! म्हणजे काही तरी विशेष आहेच ना आपल्यात.

आविल्दा : आई, तू धन्य आहेस.

इदालिस : थांबा. दोघांकडून यावा लागतो म्हणालात. माझ्याकडे कुठून येणार? आमच्याकडे असं कुणी नाही.

आविल्दा : आणि तुझा एफ्राईनमामा?

इदालिस : मामा साखर कारखान्यात होता. उसाचा भुसा गेला छातीत. आई सांगते ना.

आविल्दा : तुझा मामा आणि कारखाना! त्याला दुपारच्या उन्हात उभं केलं असतं तर कातडी सोलून निघाली असती. चौकात छपराखाली बसून लॉटरीची तिकिटं विकायचा तो. नाकाला तिकीट लावून नंबर वाचायचा. मी त्याच्याकडूनच घ्यायचे. आम्ही दोघं तिथे नाकाला तिकिटं लावून उभे राहिलो की पोरं टवाळी करायची, म्हणायची भुतांची सभा भरली.

इदालिस : तो पांढरा होता. पण आई म्हणायची, आमच्याकडे गोरी माणसं होतात मधूनमधून.

आविल्दा : सगळ्यांच्याच आया म्हणतात. एकाही आईला वेगळं काही सुचत नाही.

दोन्या प्रोवी : मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. चांगलं घराणं आहे हिचं. म्हणून तर मी...

आविल्दा : म्हणून तर तू काय? बोल की. थांबलीस का?

दोन्या प्रोवी : काही नाही. माणसं येतील आता. कॉफी टाकते.

आविल्दा : कॉफीवरून आठवलं. इदालिस, तुझं लग्न कुठे ठरलं, माहीत आहे?

इदालिस : मोकाच्या जत्रेत. एदगार्दोने मला तिथे पहिल्यांदा पाहिलं.

आविल्दा : एदगार्दोला जत्रेत तुझ्यापुढे नेऊन उभं केलं हिने. ठरलं त्याआधी, तुझ्या मामाच्या मयताला. शवपेटी उघडी होती, मामा आत मेणासारखा पांढरा. तू बायकांना कॉफी आणि बिस्किटं देत होतीस. ही घरी आली, चपला काढल्या नाहीत, आणि म्हणाली, 'काय गोरं घराणं आहे! त्या भाचीला एदगार्दोसाठी आणायची. वंश सुधारेल.'

इदालिस : मयतात?

आविल्दा : मयतात. लोक जपमाळ ओढत होते आणि ही सून निवडत होती.

दोन्या प्रोवी : मग काय वाईट केलं? चांगली मुलगी मिळाली. मी हिला कधी लागेल असं बोलले का? माझ्या बापाच्या कुरळ्या केसांत कंगवा अडकायचा, शाळेत मला त्यावरून काळ्याची पोर आणि काय काय म्हणायचे, ते तुम्हाला नाही कळायचं. माझ्या नातवंडांना तसं कुणी म्हणू नये, एवढंच मला वाटलं.

आविल्दा : म्हणणार नाहीत. भूत म्हणतील.

इदालिस : दोन्या प्रोवी, मला एकच सांगा. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?

दोन्या प्रोवी : काय माहीत होतं?

इदालिस : हेच. दोघांकडून येतं ते.

दोन्या प्रोवी : मी काय डॉक्टर आहे?

आविल्दा : मी सांगितलं होतं. माझ्या रक्ताच्या तपासणीचा निकाल लागला त्याच आठवड्यात. याच टेबलापाशी. म्हटलं, आई, त्यांच्या घरात एफ्राईन होता, आपल्याकडे मी आहे. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घ्या, मग काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. ही म्हणाली, मी बोलते त्यांच्याशी. मला वाटलं, बोलली असेल. माझ्या आईला अजून ओळखत नव्हते मी.

इदालिस : एदगार्दोला सांगितलंत?

दोन्या प्रोवी : सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं!

इदालिस : ते आम्हाला ठरवू द्यायचं होतं.

दोन्या प्रोवी : अगं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. हॉल घेतला होता, डुक्कर सांगून ठेवलं होतं भाजायला. आणि देवाच्या मनात असेल तर होत नाही काही. चारांतल्या तीन पोरांना काही होत नाही, असं हिचेच डॉक्टर म्हणतात.

आविल्दा : बघ, पाठ आहे तिला! मी डॉक्टर आहे का म्हणे. हिशेब तोंडपाठ आहे.

(बाळ रडायला लागतं. इदालिस त्याला मांडीवरून उचलत उठते. बर्फाची वाटी फरशीवर सांडते.)

दोन्या प्रोवी : सांभाळ, पाय घसरेल तुझा. आण तिला इकडे, मी घेते.

इदालिस : नको.

दोन्या प्रोवी : इदालिस, असं बघू नकोस माझ्याकडे. मी आजी आहे तिची. चल, राहू दे, कान नको तर नको. पण आज पाहुण्यांसमोर हे काही काढू नका, हात जोडते. मोनसेर्राते येणार आहे, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या गावभर होईल. आविल्दा, तूही जा आता आत. यंत्र बंद करून जरा वेळ बसता येतं ना तुला?

आविल्दा : येतं की. मयताची सोय होईल. तुला आणखी एक सून निवडता येईल.

दोन्या प्रोवी : जीभ आहे का सुरी!

आविल्दा : फुप्फुसं गेली, तिच्यावरच भागवते.

इदालिस : ताई कुठेही जाणार नाहीत. इथेच बसतील, पंख्याखाली. मोनसेर्रातेला मीच सांगते. तिच्या मुलाचं माझ्या मावसबहिणीशी जमतंय ना? तिला तर आधी सांगते.

दोन्या प्रोवी : काय सांगणार आहेस?

इदालिस : रक्त तपासा म्हणून. आणि सोमवारी मी सेलेस्तेला घेऊन ताईंच्या डॉक्टरकडे जातेय. एदगार्दो येईल, नाहीतर मी एकटी जाईन.

दोन्या प्रोवी : माझ्या घरात राहून...

आविल्दा : तुझ्या घरात राहून तुझा एवढा अपमान कुणी केला नव्हता, कळलं. बस खाली, दम लागेल तुला. निदान तुझा तरी परत येतो.

इदालिस : ताई, ताप आला तर काय द्यायचं तिला? काय नाही द्यायचं?

आविल्दा : अ‍ॅस्पिरिन चुकूनसुद्धा नाही. बाकी डॉक्टर सांगतील. सगळ्या नर्सना आधीच सांगायचं, सुई लावायच्या आधी. उन्हात टोपी, लांब बाह्या. शाळेत पुढच्या बाकावर. रडलीस तरी तिला कळू द्यायचं नाही... नाही, कळू दे. आमच्या घरात कुणी काही कळू दिलं नाही, त्याचं काय झालं बघतेच आहेस.

इदालिस : आणि छातीचं?

आविल्दा : त्याला पुष्कळ अवकाश आहे. तोवर काही तरी निघेल. इतकं रक्त नेलंय त्यांनी आमचं, फुकट थोडंच जाईल.

इदालिस : खरं सांगताय?

आविल्दा : मला माहीत नाही, इदालिस. मला फार भीती वाटते तिच्यासाठी. ती जन्मली त्या दिवसापासून मी त्या मागच्या खोलीत तिचा आवाज ऐकत पडलेय. हिने मला जवळ येऊ दिलं नाही, म्हणे तुझा खोकला लागेल.

इदालिस : घ्या तिला.

दोन्या प्रोवी : अगं, नळी लागेल पोरीला...

इदालिस : घ्या ताई. हात असा धरा. मान सांभाळा.

आविल्दा : किती गरम असतं गं हे. आई, दोन मिनिटं तोंड मिट. आणि हे यंत्र कुणी तरी बंद करा. थोडा वेळ चालतं मला. कान लावू दे.

इदालिस : कसा आहे श्वास?

आविल्दा : पोटापर्यंत जातोय. सगळाच्या सगळा, पोटापर्यंत.