पिवळं पानी सोडलं न्हाई

काय सांगू तुम्हाला, मी मूळची हितलीच, चाकणच्या खालच्या अंगाला वढ्याकाठी माझं माहेर, लगीन होऊन वर चाकणात आले, आन् नवरा गेल्यावर प्लेटिंगच्या कंपनीत झाडलोटीला लागले. तिथं गाड्यांच्या पार्टांवर क्रोम चढवत्यात, आन् ते धुतलेलं पानी निघतं पिवळंजर्द, दिसाया लई छान, पर इख हाय ते, इख.

ते पानी साफ करायच्या टाक्या कंपनीच्या मागं. तिथला मानूस काम सोडून गेला, तवा लॅबच्या मॅडम म्हनल्या, सुनंदाताई, तुमी शिकता का? मी म्हनलं, मी सातवी नापास. त्या म्हनल्या, रंग कळतो ना, मंग झालं. आधी जपून ॲसिड, मंग हिराकस, म्हंजी लोखंडाचा खार, पिवळं जाऊन पानी हिरवट व्हतं, मंग चुना कालवून वतायचा, ढवळायचं, कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बगायचा, गाळ खाली बसतो, वर नितळ पानी. हिराकस आन् चुना, महागाचं काय बी न्हाई. पैल्यांदा जमलं तवा मी कामावरनंच लेकीला फोन लावला.

मागल्या उन्हाळ्यात चुना संपला. टाकी काठोकाठ. सुपरवायझर म्हनला, ताई, खोला वॉल, आजच्या दिवस जाऊ द्या वढ्याला. मी म्हनलं, सायेब, क्रोमची लाईन बंद करा, म्हंजी पानी यायचं थांबंल. तो म्हनला, लाईन बंद करनारी तू कोन? ताईची तू झाले बगा. मी वॉलचं चाक धरून उभी, म्हनलं, खाली माझी भावजय वढ्याकडंच्या हिरीचं पानी भरती, तिला सांगून या, मंग खोलते. शेवटी मॅडम धावत आल्या, लाईन बंद केली, बिल्डिंग मटेरियलच्या दुकानातनं चुना आनवला. तवर सगळी माज्याकडं डोळं वटारून.

नोकरी ऱ्हायली. पर जिवाला थारा न्हाई. सुट्टीच्या दिवशी बी वाटतं, आज पट्टी कोन बुडवत असंल, बुडवत असंल का न्हाई, मंग उठते आन् वढ्यावर जाऊन रंग बगून येते.

आन् आता तो गाळ. वाळवून गोन्यांत भरतो, गाडी येऊन न्हेती. मी मॅडमला इचारलं, मंग क्रोम गेलं कुठं? त्या म्हनल्या, गेलं न्हाई ताई, ह्या गोनीतच हाय, लांब न्हेऊन, खाली प्लास्टिक अंथरून पुरत्यात. म्हंजी तिथं बी कुनाचं तरी गाव असंल की. मी गोनीचं तोंड दोनदा शिवते. त्या गावाला बरं ऱ्हाऊ दे, दुसरं काय मागू मी.